दोनच आली म्हणे

"वहिनी, काल रात्री एक वाजता तुमच्या माडीवर दिवा दिसला. भाऊजींना पुन्हा दम लागला की काय?"

"छे हो ताई. पुतणी जागी असते. अमेरिकेत डॉक्टरकीची रेसिडेन्सी करायचीय ना तिला. त्यांचा दिवस ती आपली रात्र. इंटरव्ह्यूचा मेल आला की तेव्हाच्या तेव्हा तारीख धरायची. जरा डोळा लागला तर तारखा संपल्या, बसा वेटिंगवर."

"मग आले का मेल?"

"इंटर्नल मेडिसिनला शंभर ठिकाणी अर्ज, बोलावणी तीन."

"बाकीचे काय म्हणाले?"

"काही नाही! अहो, स्थळ नापसंत असलं तरी लोक 'पत्रिका जुळत नाही' एवढं तरी कळवतात."

"अर्ज फुकट असतील."

"कुठले फुकट! पहिल्या 30 ठिकाणांना प्रत्येकी 11 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 30. म्हणजे 2,430 डॉलर, दोन लाखांच्या वर गेले की. घाऊक घेतलं तर भाव उतरतो, इथे चढतो. पोरं घाबरून जास्त अर्ज करतात, मग एकेका ठिकाणी अर्जांचा ढीग. वाचणार कोण? लावतात चाळणी: पास होऊन किती वर्षं झाली, व्हिसा लागतो का. त्यात 2022 पासून स्टेप वन परीक्षेचे मार्कच देत नाहीत, नुसतं पास-नापास. सगळा भार स्टेप टूवर."

"आणि इंटरव्ह्यूला तिकडे जायचं?"

"कोविडपासून बहुतेक घरूनच, कॉम्प्युटरवर. तिकडे न्यूयॉर्कला सकाळचे आठ, तेव्हा आपले संध्याकाळचे साडेसहा."

"म्हणून परवा मिक्सर लावू नका असा निरोप आला होय! मला रागच आला होता, खरं सांगते."

"काय करू? आधीच कुत्री भुंकत होती. पुढे ही हॉस्पिटलांची पसंतीची यादी देणार, हॉस्पिटलं उमेदवारांची देणार, आणि कॉम्प्युटर जोड्या लावणार. लागली की लागली, मग नाही म्हणायची सोय नाही."

"म्हणजे लग्नच की!"

"हसताय काय, 1962 मध्ये गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी हे गणित मांडलं ते लग्नाच्या जोड्या घेऊनच. शॅप्लींना 2012 मध्ये नोबेल मिळालं, रॉथ यांच्याबरोबर. ह्या डॉक्टरांच्या जोड्यांची आताची रीत बसवली ती रॉथनी. ही म्हणते, काकू, गणितात खोट नाही, पण ज्यांनी बोलावलंच नाही त्यांचं नाव यादीत घालून काय उपयोग?"

"खरंय बाई. निकाल कधी?"

"मार्चमध्ये. सोमवारी कळतं जमलं की नाही, कुठे ते शुक्रवारी."

"आणि नाहीच जमलं तर?"

"उरलेल्या जागांसाठी त्याच आठवड्यात पुन्हा धावपळ. ताई, समोरच्या बाईंना यातलं काही बोलू नका हं. डॉक्टर मुलगी दुपारपर्यंत झोपते कशी, म्हणून आधीच चौकशा चालू आहेत."

"मी कशाला बोलतेय! त्याच मला सांगत होत्या, दोनच बोलावणी आली म्हणून."