किती के सुटले?

नव्वदीच्या दशकात ज्या ऑफिसात नॉव्हेलचं नेटवर्क आणि डॉसची मशिनं होती, तिथे एक लोडहाय सर असायचेच. त्यांना प्रिंटरची रिबन अडकलीय म्हणून बोलवावं, तर ते रिबनकडे ढुंकूनही बघत नसत. खुर्ची ओढायची, ‘एमईएम स्लॅश सी’ मारायचं आणि आकडा बघून मान हलवायची. "फक्त ५४८? अहो, काम करता तरी कसं यावर?"

"सर, रिबन..."

"थांबा, आधी चार के सोडवतो."

भानगड अशी, की मशिनमध्ये चार एमबी मेमरी असली तरी डॉसच्या बहुतेक प्रोग्रामांचा संसार पहिल्या ६४० के, म्हणजे किलोबाइटमध्येच. त्यातले ६०-७० के एलएसएल, कार्डाचा ड्रायव्हर, आयपीएक्सओडीआय आणि नेटएक्स या नेटवर्कच्या पोटभाडेकरूंनी अडवलेले. १९९१ साली डॉस ५ आलं आणि ६४० के ते १ एमबीच्या मधल्या रिकाम्या फटींत त्यांना वर चढवायची सोय झाली. ऑटोएक्झेकमधल्या ओळीआधी ‘एलएच’, म्हणजे ‘लोडहाय’, लिहिलं, की झालं.

झालं कुठलं! सरांचं तिथेच सुरू व्हायचं. प्रोग्राम शिरताना जास्त जागा मागतो, बसल्यावर आकसतो; म्हणजे आधी कोण चढतं याला महत्त्व. माऊस आधी, रीस्टार्ट. माऊस नंतर, रीस्टार्ट. पगारपत्रकं खोळंबलेली, अकाउंटंट घड्याळाकडे बघतायत आणि सर विजयाने ओरडतायत, "तीन के सुटले!" फॉक्सप्रो आधीही चालत होतं, नंतरही तसंच चाललं.

पुढे ऑफिसात कोणी रजेवरून आलं, डाएट करून आलं, अगदी साहेबांच्या केबिनमधून बाहेर आलं, तरी पहिला प्रश्न एकच: "किती के सुटले?" सरांना यात थट्टा असते हे कळलंच नाही. ते खरा आकडा सांगायचे.

एकदा हाव नडली. डी०००पासूनची जागा मोकळी समजून त्यांनी ईएमएम३८६ या मेमरी मॅनेजरला देऊन टाकली. तिथे नेटवर्क कार्डाची स्वतःची मेमरी होती. ऐन महिनाअखेर फाइल सर्व्हर गायब! रात्री सर लुनावरून आले, न जेवता बसले आणि ‘एक्स=डी०००-डी३एफएफ’ लिहून सोळा के स्वतःच्या हाताने परत केले. मग तीच ओळ चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात उतरवून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली. ‘कृपया बदलू नये.’ स्वतःलाच बजावलं असावं.

विंडोज ९५ आलं. त्याचे ३२-बिट नेटवर्क ड्रायव्हर ६४० केच्या वाटेला जातच नव्हते. सरांनी सवयीने एमईएम मारलं. सहाशेच्या वर मोकळे, काहीही न करता. "मग यात आपण करायचं काय?" म्हणाले. त्या दिवशी त्यांना कोणी आकडा विचारला नाही.

माणूस वैताग होता, यात शंका नाही. पण हल्ली आठ जीबीचा लॅपटॉप ब्राउझर उघडताच धापा टाकतो, तेव्हा त्याच्यापुढे बसवायला दुसरं नाव सुचत नाही. तुमच्या ऑफिसातलं एखादं जुनं कॅबिनेट भंगारात निघालं असेल, तर झाकण आतून एकदा बघा. चिठ्ठी असली तर भंगारवाल्याला देऊ नका, मला पाठवा.