बिनपामी पुण्य

सध्या किराणा दुकानात पुण्य पाकिटावर छापून मिळतं. पुढच्या बाजूला ठसठशीत हिरव्या अक्षरांत ‘पाम तेल नाही’, शेजारी एखादं कोवळं पान आणि किंमत दहा-वीस रुपयांनी वर. घेणाऱ्याला वाटतं, आपण सुमात्रातल्या एका ओरांगउटानाचं घर वाचवलं. विकणाऱ्याला वाटतं, दहा-वीस रुपये वाचले, म्हणजे स्वतःचे. या दुहेरी आनंदात ओरांगउटानाला तेवढं कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्याने आधी पाकीट उलटं केलं असतं. पाम नाही तर मग काय आहे? आणि जे आहे ते कुठल्या जमिनीत उगवलं? पाकिटाच्या मागे अगदी बारीक टायपात ‘सोयाबीन/सूर्यफूल/कपाशी यांपैकी एक किंवा अधिक’ असलं काहीतरी सापडलं असतं. ते वाचायला भिंग लागतं आणि ग्राहकाच्या हातात तर पिशवी असते.

पण तेलाचा हिशेब ‘नाही’ म्हणून मिटत नाही. पामच्या एका हेक्टर बागेतून वर्षाला साधारण साडेतीन टन तेल निघतं. सोयाबीनच्या हेक्टरातून जेमतेम अर्धा टन, सूर्यफुलाच्या हेक्टरातून पाऊण टनाच्या आसपास. जगातल्या वनस्पती तेलापैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेल एकटा पाम पुरवतो आणि तेलपिकांखालच्या जमिनीचा दहावा हिस्साही व्यापत नाही. ओरांगउटानाची काळजी वाहणाऱ्या आययूसीएन या संस्थेनेच २०१८ च्या अहवालात बजावलं होतं, की पामवर बहिष्कार टाकला तर जंगलाचं नुकसान थांबणार नाही, ते दुसरीकडे सरकेल. पामच्या बागांमुळे १९३ संकटग्रस्त प्रजातींना झळ बसते, हेही त्याच अहवालात आहे, म्हणजे अहवाल लिहिणारे काही पामचे दलाल नव्हेत. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर जमीन कित्येक पट लागेल. ती मंगळावर मिळणार नाही, ती ब्राझीलच्या सेराडो नावाच्या गवताळ प्रदेशातच मिळेल. तिथलेही प्राणी प्राणीच आहेत, फक्त त्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर कमी फिरतात.

या धड्याची प्रयोगवही ब्रिटनमध्ये आहे. आइसलँड नावाच्या तिथल्या सुपरमार्केट साखळीने २०१८ मध्ये जाहीर केलं, की वर्षअखेरीपर्यंत आमच्या नावाच्या मालातून पाम तेल हद्दपार. जाहिरातीत ओरांगउटानाचं पिल्लू आलं, ती राजकीय ठरवून टीव्हीवर नाकारली गेली, मग इंटरनेटवर लाखोंनी पाहिली. पुढच्याच जानेवारीत असं उघड झालं, की काही पदार्थांतलं पाम तेल निघालंच नव्हतं, त्यांच्यावरचं दुकानाचं नाव तेवढं निघालं होतं. प्रतिज्ञा ‘आमच्या नावाच्या माला’पुरती होती, नाव गेलं, प्रतिज्ञा शाबूत राहिली. असली पळवाट आपल्याकडच्या कसलेल्या ठेकेदारालाही सुचली नसती. मग २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल मिळेना आणि पाम तेल परत आलं. तात्पुरतं, असं म्हणाले.

वास्तविक झाडाचा यात काही दोष नाही. पाम मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ मध्ये त्याची चार रोपं जावा बेटावर बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. आज जगातलं सुमारे ८५ टक्के पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येतं. दोष आहे तो झाड कुठे लावलं याचा. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तर भागात लेउसरचं जंगल आहे. ओरांगउटान, वाघ, हत्ती आणि गेंडा हे चौघे एकत्र राहतात अशी जगात उरलेली ही एकच जागा. तिथल्याच त्रिपाच्या दलदलीत जंगल जाळून पाम लावणाऱ्या एका कंपनीला २०१४ मध्ये न्यायालयाने ३६६ अब्ज रुपिया भरायला सांगितले. ही दलदलीची, म्हणजे पीटची, जमीन हजारो वर्षांच्या कुजक्या पाल्याची असते. चर खणून पाणी काढलं की ती वाळते, पेटली की जमिनीखाली महिनोन् महिने धुमसत राहते. २०१५ मध्ये इंडोनेशियात लागलेल्या आगींत सुमारे २६ लाख हेक्टर भूभाग जळला आणि धूर सिंगापूरच्या शाळांपर्यंत पोचला. सगळ्या आगी पामवाल्यांनीच लावल्या असं नाही, पण त्यांचे हात स्वच्छही नव्हते. ओरांगउटानाची मादी सात-आठ वर्षांनी एकदा विते आणि रोज संध्याकाळी फांद्या वाकवून झोपायला नवं घरटं बांधते. रांगेत लावलेल्या पामच्या बागेत ती बांधकामाला काय घेणार? म्हणून प्रश्न ‘पाम आहे का नाही’ हा नाहीच. ‘कुठला पाम’ हा आहे.

आणि या प्रश्नाला उत्तर असतं. पामचा घड वीस-पंचवीस किलोंचा, काळपट लाल, टोकदार काट्यांचा. तो तोडला की आत आम्लता वाढायला लागते आणि एक-दोन दिवसांत वाफवून गाळला नाही तर तेल बिघडतं. त्यामुळे तेलगिरणी बागेपासून फार लांब असूच शकत नाही. गिरणीचं नाव कळलं, की नकाशावर तिच्याभोवती वर्तुळ काढता येतं आणि त्या वर्तुळात गेल्या पाच वर्षांत जंगल किती तुटलं हे उपग्रहाच्या चित्रांवर पाहता येतं. बड्या कंपन्या आपल्या गिरण्यांच्या याद्या प्रसिद्ध करतात. युनिलिव्हरने २०१८ मध्ये केली. तेव्हा ‘आमचा माल इतक्या हातांतून येतो, आम्हाला काय कळणार’ हे उत्तर ऐकलं, तर ते अज्ञान नाही, अनिच्छा आहे, असं खुशाल समजावं.

मग शिक्का पाहून घ्यावं का? ‘राउंडटेबल ऑन सस्टेनेबल पाम ऑइल’ अर्थात आरएसपीओ ही संस्था २००४ मध्ये निघाली. तिच्या टेबलाभोवती बागायतदार, व्यापारी, बिस्किटवाले, बँका आणि पर्यावरणवाले एकत्र बसतात. टेबल गोल असल्याने जबाबदारीही गोल फिरते. जगातल्या पाम तेलाचा साधारण पाचवा हिस्सा या संस्थेकडून प्रमाणित होतो. त्यातही पायऱ्या आहेत. सर्वांत वर एकाच ठिकाणचं, ओळख न हरवलेलं तेल. मग इतरांपासून वेगळं ठेवलेलं प्रमाणित तेल. मग ‘मास बॅलन्स’. आणि शेवटी नुसती प्रमाणपत्रांची खरेदी, ज्यात तेलाशी संबंध येतच नाही. मास बॅलन्स म्हणजे दूध संकलन केंद्रावर निर्भेळ दूध आणि पाणी घातलेलं दूध एकाच टाकीत ओतायचं आणि निर्भेळ वीस लिटर आलं होतं म्हणून टाकीतलं कुठलंही वीस लिटर ‘निर्भेळ’ म्हणून विकायचं. हिशेब चोख, दूध पातळ. तरीही शेतकऱ्याला निर्भेळ दुधाचा दर मिळाला, एवढं खरं, आणि म्हणून ही पद्धत अगदीच टाकाऊ नाही.

इथे शंका घेणारे म्हणतात, हे सगळं धूळफेकच. त्यांच्या बाजूने पुरावा आहे. इंडोनेशियातल्या बागांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रमाणित बागांत जंगलतोड ३३ टक्क्यांनी कमी आढळली, पण आगी कमी झालेल्या आढळल्या नाहीत. शिवाय शिक्का घेणाऱ्या बऱ्याच बागांत तोडायला जंगलच फारसं उरलेलं नव्हतं. घर रिकामं झाल्यावर चोराने सज्जनतेचा दाखला काढावा, तसं हे झालं. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थेने नियम आवळले: नव्या बागेसाठी जंगल तोडायचं नाही, पीटवर नवी लागवड करायची नाही. म्हणजे शिक्का हा मोक्ष नाही, किमान पात्रता आहे. शिक्का असलेलं आणि नसलेलं तेल समोर असेल तर असलेलं घ्यावं आणि घेतल्यावर समाधान पावू नये.

अडचण एवढीच, की आपल्या दुकानात समोर काहीच नसतं. भारत हा जगातला सर्वांत मोठा पाम तेल आयातदार, वर्षाला साधारण ७५ ते १०० लाख टन. एवढं तेल जातं कुठे, तर बिस्किटात, फरसाणात, वड्याच्या कढईत आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या साबणात. साबणाच्या वेष्टनावर ते ‘सोडियम पामेट’ या नावाने वावरतं, केकच्या पाकिटावर कधी ‘इमल्सिफायर ४७१’ या क्रमांकाच्या आड लपलेलं असू शकतं आणि कोपऱ्यावरच्या चकलीला तर वेष्टनच नसतं. दुकानाच्या मागे रचलेले पंधरा किलोंचे डबे पाहावेत आणि समजून घ्यावं. युरोपातल्या ग्राहकाला शेल्फवर शिक्क्याचं पाकीट शोधा म्हणून सांगता येतं. इंग्लंडमधल्या चेस्टर शहराने तर तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या पुढाकाराने २०१९ मध्ये शहरातली अनेक हॉटेलं आणि शाळा शाश्वत पाम तेलाकडे वळवली. आपल्या ग्राहकाला तोच सल्ला देणं म्हणजे वाळवंटात नळ बंद ठेवा म्हणण्यापैकी आहे. इथे निवडण्याआधी मागावं लागेल.

मागून काय होतं, हा नेहमीचा सवाल. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीसने एक चित्रफीत काढली: कचेरीतला कारकून किटकॅटचं वेष्टन फोडतो आणि आतून निघालेलं ओरांगउटानाचं बोट चावतो. नेस्लेने ती यूट्यूबवरून काढायला लावली, त्यामुळे ती सगळ्यांनी पाहिली. दोन महिन्यांत कंपनीने जंगलतोडीशी जोडलेले पुरवठादार सोडण्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०१३ मध्ये विल्मार या पाम तेलाच्या बलाढ्य व्यापारी कंपनीने जंगलतोड नको, पीट नको, पिळवणूक नको असं धोरण स्वीकारलं, तेही गिऱ्हाईक कंपन्यांच्या रेट्याखाली. पुढच्या दशकात इंडोनेशियात पामसाठीची जंगलतोड बरीच खाली आली. श्रेय एकट्या ग्राहकाचं नाही, तेलाचे पडलेले भाव आणि तिथल्या सरकारचे निर्बंधही त्यात आहेत. आणि अलीकडे आकडा पुन्हा वर सरकू लागला आहे. तरी लक्षात घेण्यासारखं हे, की या गिऱ्हाइकांनी किटकॅट खाणं सोडलं नव्हतं. त्यांनी कंपनीला छळलं. बहिष्कार टाकणारा माणूस कंपनीच्या दृष्टीने गेलेला माणूस असतो. छळणारा अजून पैसे देत असतो, म्हणून त्याची भीती वाटते. शिवाय इंडोनेशियातल्या पामखालच्या जमिनीपैकी सुमारे ४० टक्के छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. आपल्या बहिष्काराचा पहिला फटका त्यांना बसतो, बुलडोझरवाल्याला नाही.

‘गरीब देशाला हे चोचले परवडणार आहेत का?’ असं विचारणारे सहसा गरीब नसतात, तरी हिशेब करू. समजा, चांगलं तेल टनामागे ३,००० रुपयांनी महाग पडलं. म्हणजे किलोला तीन रुपये. शंभर ग्रॅमच्या बिस्किटपुड्यात अठरा ग्रॅम तेल धरलं तर पुड्यामागे सुमारे साडेपाच पैसे. त्या पुड्यावरचं बक्षीस-कूपन छापायलाही याहून जास्त लागत असतील. पाम तेल तब्येतीला वाईट, हा आक्षेप निराळा. त्यात निम्मं संपृक्त मेद असतं हे खरं, आणि त्यावरचा उपाय भजी कमी खाणं हा आहे. आपण भजी तेवढीच ठेवून तेल बदलतो.

‘आपलं आपणच पिकवू’ हा आणखी एक देशभक्त तोडगा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी ११,०४० कोटींचं अभियान मंजूर केलं, रोख मुख्यतः ईशान्य भारत आणि अंदमानवर. म्हणजे सुमात्राने जिथून सुरुवात केली नेमकं तिथूनच. मिझोराममध्ये डाम्पा व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात पक्ष्यांचा अभ्यास झाला आहे. जिला आपण मागास म्हणून नाकं मुरडतो त्या झूम म्हणजे फिरत्या शेतीत जंगलातले पक्षी पामच्या बागेपेक्षा जास्त आढळले. लिटल अंदमानवर सत्तरच्या दशकात सुमारे सोळाशे हेक्टरांवर पाम लावून झालाही होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशानंतर तो गुंडाळावा लागला. आंध्र-तेलंगणात तो शेतात घेतात, तिथे भांडण पाण्याचं आहे, पण निदान जंगलाचं नाही.

तेव्हा करायचं काय, तर पाकिटाच्या मागे कायद्याने छापावा लागणारा ग्राहक सेवेचा फोन आणि ईमेल असतो, त्यावर एकच विचारायचं: यातलं पाम तेल कोणत्या गिरण्यांचं? आणि सरकार नावाच्या मोठ्या गिऱ्हाइकाला विसरायचं नाही. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पाम तेल दीड कोटीहून अधिक शिधापत्रिकाधारकांसाठी काढलं. एवढ्या लिटरची खरेदी करणाऱ्याने गिरणीचं नाव मागितलं तर पुरवठादार ते त्याच दिवशी आणून देईल. पुन्हा असा शिधा निघाला तर निविदेत अशी एक अट घाला, एवढं आपल्या आमदाराला लेखी कळवा. मतदारसंघात एकही ओरांगउटान राहत नसल्याने तो आपणहून हा विषय काढणार नाही.