तपकिरीची वर्णव्यवस्था
स्पेनमध्ये तपकिरी रंग एकच असला, तरी त्याची नावे पायरी पाहून दिली जातात. बूट ‘मार्रोन’, केस ‘कास्तान्यो’, अस्वल ‘पार्दो’, तर साखर आणि उन्हात रापलेली कातडी ‘मोरेनो’. डोळ्यांना मार्रोन व कास्तान्यो दोन्ही चालतात. डोळे मिटून घेण्याची सोय तेवढीच. पॉलिश न केलेल्या तांदळाला तर रंगच नाकारला आहे. तो ‘इंतेग्राल’, म्हणजे अख्खा. मेक्सिकोत बूट आणि डोळे ‘काफे’ होतात, म्हणजे कॉफीने बराच घोळ निस्तरला. केस मात्र तिथेही बहुधा कास्तान्योच. स्पेनमध्ये ‘मार्रोन खाणे’ म्हणजे नसते लचांड गळ्यात पडणे. नवशिक्याला हा वाक्प्रचार वेगळा शिकवावा लागत नाही.