आमच्या चिखलाला अखेर गिऱ्हाईक मिळालं

श्रीयुत क्वाड बाईक सफारीचे भावी मालक यांस,
मुक्काम मलकापूर, तालुका शाहूवाडी, जिल्हा कोल्हापूर येथून स.न.वि.वि.

पत्र अनावृत लिहितोय, कारण आपला इथला पत्ता अजून ठरायचा आहे. पण आपण येणार याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. आपण लोणावळ्याला पोचलात, पाचगणीला पोचलात, अलिबागकडं नागाव-काशीदच्या वाळूत तर आपल्या फुगीर चाकांचे वळ भरती-ओहोटीलाही पुसता येत नाहीत. कोकणातून आंबा घाट चढून वर आलं की पुढं आमचं मलकापूर फार लांब नाही, आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ताही आता चौपदरी होतोय. तेव्हा एखाद्या पावसाळ्यात आमच्या स्टँडसमोर ‘निसर्गरम्य दऱ्याखोऱ्यांतून गाईडसह थरारक क्वाड सफारी’ असा फ्लेक्स लागेल, त्याखाली शुभेच्छुकांचे दोन डझन फोटो असतील, हे आम्ही धरूनच चाललोय. स्वागताला उशीर नको, म्हणून हार-तुरे आधीच पाठवतो.

पहिल्यांदा आभार. आपण आमचे डोळे उघडलेत.

आम्ही अडाणी लोक इतकी वर्षं रस्ता मागत बसलो. ग्रामसभेचे ठराव केले, पंचायत समितीत खेटे घातले, निवडणुकीवर बहिष्काराची धमकी दिली, मग बहिष्कार मागं घेऊन मतदानही केलं. गुडघाभर चिखल, वाहून गेलेली मोरी, दगडगोट्यांचा चढ, ओढ्यातून पलीकडं जाणारी वाट ही सगळी आम्ही तक्रारीच्या अर्जात लिहायची कलमं समजत होतो. हा माल आहे, त्याला गिऱ्हाईक आहे, ते पुण्या-मुंबईहून तेल जाळत येतं आणि वर तिकीट काढतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. शेतातल्या पाणंदी धड व्हाव्यात म्हणून राज्य सरकारनं २०२१ साली ‘मातोश्री ग्रामसमृद्धी’ नावाची योजना काढली. कसला हा करंटेपणा! खडी पडली, रोलर फिरला, की थरार संपला. आता आम्ही अर्जाचा नमुना बदलणार आहोत: ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर पाणंद मजबूत करण्यात येऊ नये. आहे तो चिखल पर्यटनाच्या दृष्टीने महत्त्वाचा असून त्याचे जतन व्हावे.’ खाली अंगठे आणि सह्या.

आता मार्गाचं बोलू. आपल्या वाहनाची एक अडचण आपल्याला ठाऊक असेलच. क्वाड बाईकला साधारणपणे आरटीओचा नंबर मिळत नाही, त्यामुळं सार्वजनिक रस्त्यावर ती आणता येत नाही. एका परदेशी कंपनीनं २०२० साली यातून वाट काढली. तिची क्वाड भारतात रस्त्यावर चालवण्याजोगी ठरली, पण ती ट्रॅक्टर म्हणून. किंमत तेव्हा जवळजवळ आठ लाख होती. म्हणजे थराराला सरकारदरबारी जागा मिळाली ती शेवटी शेतीच्या रकान्यात. आम्हाला याचं कौतुक वाटलं. आमच्याकडं ट्रॅक्टर रस्त्यावर कमी आणि ओढ्यात जास्त असतो, त्याला कुणी साहस म्हणत नाही.

रस्ता नाही म्हटल्यावर आपल्याला जमीन लागेल. जमीन भरपूर आहे, फक्त ती कुणाची आहे हे विचारू नका. पश्चिमेकडं तोंड केलंत तर वनखातं. विशाळगड आणि पन्हाळगड या दोन्ही बाजूंच्या जंगलाला २०२० च्या डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळानं संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. उत्तरेला चांदोली, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कस्तुरीरंगन समितीच्या शिफारशींनुसार निघालेल्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांत तालुक्यातली गावंच्या गावं आहेत. देवराई आहे, ती देवाची. तिथं वाळकी काटकी उचलायलाही गाव घाबरतं. राहता राहिली खासगी जमीन. ती घ्याच. अर्ध्या एकराच्या सातबारावर आजोबांपासूनची सगळी नावं जशीच्या तशी आहेत. त्यातले निम्मे गिरणीच्या काळात मुंबईला गेले, एक शिरोलीच्या एमआयडीसीत आहे, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि तिघं वर गेले तरी कागदावर हयात आहेत. या सगळ्यांची संमती आणाल तेव्हा आपली सफारी सुरू होईल. दऱ्याखोऱ्यांतला खरा खडतर मार्ग तलाठी कार्यालयातून जातो, आणि त्याला चार चाकं पुरत नाहीत.

यावर आपण म्हणाल, मग सड्यावर जाऊ. तिथं काहीच नाही, नुसता उघडा कातळ.

बरोबर. उन्हाळ्यात पाहिलं तर सड्यावर काहीच नसतं. काळपट जांभा आणि वारा. म्हणूनच ज्यांना ज्यांना मोकळी जागा हवी असते त्यांची नजर पहिल्यांदा सड्यावर पडते. बॉक्साइटवाल्यांची आपल्या कितीतरी आधी पडली. जांभ्यावर माती असते ती कुठं बोटभर, कुठं वीतभर. पहिल्या पावसात ती भिजते, खळग्यांत पाणी साठतं आणि मग महिना-दोन महिने त्या बोटभर मातीत जे उगवतं ते बघायला लोक गुडघ्यावर बसतात. गेंद, तेरडा, सीतेची आसवं. दवबिंदू नावाची एक चिमुकली वनस्पती तर चिकट थेंबांवर किडे धरून खाते, कारण मातीत तिला पुरेसं नत्रच मिळत नाही. सीतेची आसवंही त्याच पंथातली, दिसायला नाजूक आणि मुळाशी मांसाहारी. इतक्या गरिबीत संसार करणाऱ्यांच्या अंगावरून तीनशे किलोची गाडी गेली की माती दबते, चाकोरीत पाणी धावू लागतं, चाकोरीची ओघळ होते, आणि ओघळीतून ती बोटभर माती खाली दरीत जाते. वर उरतो कातळ. मग खरोखरच तिथं काही नसतं आणि आपलं म्हणणं खरं ठरतं. साताऱ्याचं कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते असल्याच मातीवर. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जीपवाल्यांनी आपल्या आधीच चाकोऱ्या पाडून ठेवल्यात, तेव्हा पायाभूत सुविधा तयार आहेत असं समजायला हरकत नाही.

आइसलँडमध्येही गाईडसह क्वाड सफारी चालते. पण तिथं ठरलेली वाट सोडून गाडी रानात घातली की गुन्हा होतो आणि दंड भरावा लागतो, कारण तिथलं शेवाळ एकदा दबलं की पुन्हा धरायला कित्येक दशकं जातात. असले नियम अतिशीत प्रदेशात ठीक. आमच्याकडं वाट सोडणं यातच तर मजा आहे.

वन्य प्राण्यांची काळजी करू नका, ते सहकार्य करतील. आमचा गवा म्हणजे बिनलायसनची, टनभर वजनाची फोर व्हील ड्राइव्हच आहे. तो उसातून आणि भातातून रात्रभर सफारी करतो आणि पंचनामा आमच्या नावावर लागतो. आपल्या इंजिनांच्या आवाजानं तो जंगल सोडून आणखी खाली येईल. तेवढा प्रवेश मात्र आम्ही त्याला मोफत देतो, हे लक्षात असू द्या.

आता गाईड. हा मुद्दा मी गंभीरपणे मांडतोय, मधेच उपरोध सापडला तर तो जुन्या सवयीचा समजावा. गाईड स्थानिक ठेवा. दर जुलैला हजारो माणसं पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत येतात, त्यांना वाट दाखवणारी, भाकरी-झुणका घालणारी, पाय मुरगळलेल्याला खांद्यावर घेणारी पोरं इथलीच आहेत. त्यांना काम बारा महिने हवंय, तीन दिवसांचं नको. पगार द्या, विमा काढा आणि हेल्मेट त्यांनाही द्या. आपल्या क्षेत्रात एक चमत्कारिक पद्धत आहे, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि गाईडच्या डोक्यावर टोपी.

कारण ही गाडी दिसते तशी गरीब नाही. अनेक क्वाडना मागच्या आसाला डिफरन्शियल नसतं. दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात, म्हणून वळणावर ती सरळ पळायला बघते आणि चालवणाऱ्याला अंग झुकवून तिला वळवावं लागतं. हे कसब आहे, ते सरावानं येतं. उतारावर उलटली की माणूस खाली आणि गाडी वर. ऑस्ट्रेलियात शेतावर माणसं अशी दगावू लागली तेव्हा सरकारनं कायदाच केला. ऑक्टोबर २०२१ पासून तिथं शेतकामाच्या नव्या क्वाडला, ती उलटली तर माणसाला वाचवणारी कमान सक्तीची आहे. होंडा आणि यामाहा या बड्या कंपन्यांनी त्यापेक्षा तिथं क्वाड विकणंच बंद करायचं ठरवलं. आपल्याकडचं प्रशिक्षण मात्र सुटसुटीत असतं: हा ॲक्सिलरेटर, हा ब्रेक, इथं सही करा. सही कशावर केली ते इंग्रजीत असतं. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते, सुरक्षेच्या अटी पाळाव्या लागतात. आपल्याकडं ते प्रमाणपत्र असेलच. ऑफिसच्या भिंतीवर लावा, फ्लेक्सच्या शेजारी.

जाता जाता आपल्या गाडीच्या कुळाबद्दल थोडं, कारण आपल्या जाहिरातीत ते येणार नाही. होंडानं १९७० मध्ये अमेरिकेत तीन चाकांची फुगीर टायरवाली गाडी आणली, हिवाळ्यात दुकानात काहीतरी खपावं म्हणून. पुढच्याच वर्षी जेम्स बाँड तीवर बसला. तीन चाकं फार उलटतात म्हणून १९८८ मध्ये कंपन्यांनी अमेरिकेत ती विकणं थांबवलं. तोवर सुझुकीची चार चाकांची आली होती. पण या गाडीला खरं घर मिळालं ते शेतकऱ्याकडं. न्यूझीलंडचा मेंढपाळ तिच्यावर बसून डोंगर चढतो, आजारी कोकरू पुढ्यात घेऊन खाली येतो, कुंपणाचे खांब वर नेतो. जिथं रस्ता पोचत नाही तिथं काम पोचवायची ती गाडी आहे.

आणि इथं मला आमचे धनगरवाडे आठवतात. या तालुक्यात डोंगराच्या खांद्यावर अशा वस्त्या आहेत जिथं पावसाळ्यात बाळंतीण अडली, म्हातारा पडला, कुणाला साप चावला, की घोंगड्याची झोळी करायची, बांबूला बांधायची आणि चौघांनी खांदा देत, भर पावसात, घसरत खालच्या रस्त्यापर्यंत आणायची. तिथून गाडी मिळाली तर मलकापूरचा दवाखाना. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभूंनी खिंड अडवली, त्याच्या आदल्या रात्री मावळ्यांनी महाराजांची पालखी याच रानातून खांद्यावर नेली. परंपरा आम्ही इतकी निष्ठेनं पाळलीय, की साडेतीनशे वर्षांनंतरही माणूस न्यायला खांदाच लागतो. त्याच वाटेवरून वर्गावर जाणारा मास्तर आहे, लसीची पेटी घेऊन चढणारी नर्स आहे, आशाताई आहे. त्यांना थराराचे पैसे कुणी देत नाही. प्रवासभत्त्याचं बिल मात्र त्रुटी काढून परत येतं.

तेव्हा आमची अट एकच. दहा गाड्या आणणार असाल तर अकरावी आणा. तिला मागं स्ट्रेचर बसवा, उलटण्यापासून वाचवणारी कमान लावा, ती चालवायला वाडीवरच्याच दोन पोरा-पोरींना नीट शिकवा आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती वरच्या वस्तीवर उभी ठेवा. डिझेल, पेट्रोल, दुरुस्ती आपली. हे लेखी द्या, ग्रामसभेत वाचून दाखवा. बाकीच्या दहा गाड्या सड्यावर न घालता पडीक रानातल्या आखलेल्या वाटेवर फिरवा, आम्ही चहाची टपरी टाकतो आणि तक्रार करत नाही. ही अट जमणार नसेल तर आंबा घाटातून वर येताना डावी-उजवीकडं न बघता सरळ कोल्हापूर गाठा. मिसळ खा, महालक्ष्मीचं दर्शन घ्या, परत जा.

कळावे, लोभ आहेच, वाढू नये ही विनंती.

आपला,
एक शाहूवाडीकर

ता.क. : जुलैत पाहणीला येणार असाल तर तेव्हा आमची रोपलागण चालू असते. वाटेत ट्रॅक्टर किंवा बैल आडवे असतील. हॉर्न मारू नका, खाली उतरून थांबा. आणि हात मोकळे असतील तर एक पेंढी रोप बांधावरून आत द्या.