टपावरचं बिऱ्हाड

आपल्या गावातून आशियाई महामार्ग ४६ जातो, असं भंडाऱ्यातल्या माणसाला अभिमानानं सांगून बघा. तो विचारेल, "टोल वाढला का?" आपल्यासाठी तो नागपूर-रायपूर रोड. सरकारनं सहा नंबर पुसून त्रेपन्न केला, तरी जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'एनएच सिक्स'च आहे. पण सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघालेला हा रस्ता भंडाऱ्यावरून पार बंगालकडे जातो. दाराशी असला रस्ता, अंगणात जुनी बोलेरो आणि हातात पेन्शन असली की माणसाच्या डोक्यात काय शिरेल याचा नेम नाही. माझ्या डोक्यात लेह शिरलं. रस्ता पूर्वेला जातो आणि आपल्याला उत्तरेला जायचं आहे, ही हरकत सौ.नं पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवली.

लेहपर्यंत वाटेत हॉटेलं आहेत, हे मलाही ठाऊक आहे. पण पुण्याच्या चिरंजीवानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरं जोडपं गाडीच्या टपावर तंबू उघडून, त्यात पाय पसरून कॉफी पीत बसलं होतं. तेव्हापासून मला हॉटेलची खोली म्हणजे गुन्हा वाटायला लागला.

खरं तर छतावर झोपण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवायला नको. नवतप्यात संध्याकाळी स्लॅबवर बादल्या ओतायच्या, सिमेंटचा तो फुस्स आवाज ऐकायचा, नऊनंतर गाद्या नेऊन टाकायच्या आणि पहाटे पायाशी चादर शोधायची, हे आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. लाखनी-साकोलीच्या ढाब्यांवर उन्हाळ्यात ट्रक ड्रायव्हर केबिनच्या टपावर दुपट्टा तोंडावर घेऊन झोपलेले दिसतात, त्यांना तर ओव्हरलँडिंग, म्हणजे गाडीतच मुक्काम करत लांब भटकणं, हा शब्दही माहीत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, त्यामुळे तेही हळूहळू खाली उतरतील. म्हणजे ड्रायव्हर टपावरून उतरणार आणि पेन्शनर टपावर चढणार.

या धंद्यात निवड मोठी अवघड आहे. पहिला प्रकार छप्पर कापण्याचा. गाडीचं टप कापून तिथं बिजागरीचं छप्पर बसवायचं, रात्री ते वर उचलायचं आणि त्या पोटमाळ्यात झोपायचं. जर्मनीतल्या फोक्सवॅगनच्या कॅम्पर गाड्या अशाच. दिसायला झकास. पण आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं जशी गाडी दिली आणि आरसी बुकात जशी लिहिली, तिच्यात मनमानी फेरफार चालत नाहीत, असं जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगून टाकलं. एमएच ३६ ची पाटी लावलेल्या बोलेरोला डोक्यावर झाकण बसवून आरटीओसमोर उभं करावं, एवढं धाडस माझ्यात नाही. पहिला प्रकार बाद.

उरले दोन तंबू. एक टणक कवचाचा. फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा डबा, डिकीला असतात तसे शॉकर, कडी काढली की झाकण वर. मिनिटाभरात बिऱ्हाड तयार. दुसरा कापडी. तो घडी घातलेला असतो, शिडी धरून ओढला की गाडीच्या बाहेरपर्यंत उलगडतो, जागा ऐसपैस देतो आणि पाऊस आला की सकाळी ओलं कापड कोंबायची शिक्षाही देतो. ते तसंच बांधून दोन दिवस फिरलात तर आत बुरशीचं पीक येतं. टणक डब्यात ही भानगड कमी, पण थंडीत झरोके बंद केले की दोघांच्या श्वासाची वाफ आतल्या छताला लागून पहाटे थेंब-थेंब कपाळावर पडते. लेहच्या वाटेवर सरचू चार हजार मीटरच्या वर आहे. तिथं झरोका उघडला तर गारठा आणि बंद केला तर अभिषेक.

मी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेलो. त्यानं टपावर बोटानं टकटक केलं.

"काका, तंबूचं वजन किती?"

"साठ-सत्तर किलो. कॅरिअर वेगळं."

"अन् तुमचं दोघांचं?"

माझं ब्याऐंशी सांगितलं. सौ.चं सांगितलं नाही, इथंही छापणार नाही.

"झोपाले काही नाही होत," तो म्हणाला. "उभ्या गाडीत वजन चारी खांबांवर बसते. पन चालत्या गाडीत तंबूच भारी. ब्रेक मारला का थो पुढं धावते, वळनावर बाजूले ओढते. गाडी डोक्यात जड झाली का घाटात झुलते."

मासिकंच्या मासिकं वाचून मला जे उमगलं नव्हतं, ते त्यानं पान्याला ग्रीस लावता लावता सांगितलं. उभ्या गाडीचं टप पेलतं ते वजन वेगळं आणि धावत्या गाडीचं वेगळं. बहुतेक गाड्यांत हा दुसरा आकडा पाऊणशे ते शंभर किलोच्या आसपास संपतो. पूर्व जर्मनीत लोक ट्रबांट नावाच्या इवल्याशा गाडीवरही तंबू लादून सुट्टीला जायचे, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्यानं एवढंच विचारलं, "तिकडं गड्ढे होते का?"

शेवटचा सल्ला साकोलीकडच्या मामाजींचा. सासरे आयुष्यभर धान करत आले आणि कापणीच्या आधीच्या रात्री त्यांनी मचाणावर काढल्या, खाली रानडुकरं आणि वर चांदणं. इटलीतल्या एका कंपनीनं गाडीवरचा तंबू १९५८ साली बाजारात आणला आणि तो पुढं आफ्रिकेतही गेला, तिथं लोक सिंहाच्या भीतीनं वर झोपतात, असं मी त्यांना समजावलं.

"सिंव्ह चढत नसंल जावईबापू," ते म्हणाले. "आपल्याकडं बिबट हाय. थो झाडावर चढते. तुमची शिडी त्याले काय जड? अन् अस्वल तं तुमच्यापेक्षा बेस चढते."

मग एकेक प्रश्न. वारा कोणीकडून घेणार? पायथा कोणीकडं? दिवा आत लावणार का बाहेर? हा शेवटचा मला फालतू वाटला, तर त्यांनी दिवाळीच्या सुमाराच्या तुडतुड्यांची आठवण करून दिली. धानावरचे ते हिरवे कण दिव्यावर असे तुटून पडतात की डासांची जाळी त्यांना वेशीसारखी वाटते. कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत तुडतुड्यांचा उल्लेख नाही.

"अन् राती उतराचं कसं?" त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न मी टाळत होतो. मामाजींनी उत्तराची वाट पाहिली नाही. धान उभं होतं, मचाण बांधलेलं होतं. "एक रात मचानावर काढा, मंग पैसे द्या," असा हुकूम झाला.

काढली. सौ. लहानपणी बापाबरोबर मचाणावर झोपलेली. ती शिडीवरून अशी चढली जशी बँकेच्या पायऱ्या चढते, आणि पडल्या पडल्या घोरायला लागली. मी किती वेळा उतरलो हे विचारू नका. साठीनंतर पुरुषाचं रात्रीचं वेळापत्रक डॉक्टरांना ठाऊक असतं, तंबू बनवणाऱ्यांना नसतं. दरवेळी बॅटरी शोधायची, चपला शोधायच्या, पायानं पहिला दांडा चाचपायचा, आणि खालून मामाजींचा कुत्रा भुंकायचा. एकदा तर मामाजीच खोकत म्हणाले, "डुक्कर हाय का जावई?"

सकाळी चहा पिता पिता सौ.नं निकाल दिला. "मी वर झोपतो, तुमी खाली झोपा."

बोलायला काही जागा नव्हती. उलट, सगळा हिशेब सुटला होता. तंबू एकाच माणसाचा, म्हणजे लहान आणि हलका. टपाचा आकडा पाळला जातो, घाटात गाडी झुलत नाही. वाफ निम्मी. कापडी की टणक हा वादही मिटला. चार बाजूंनी जाळीच्या खिडक्या असलेला कापडी घ्यायचा, कारण आपला निम्मा प्रवास सपाटीच्या उकाड्यात आहे आणि सरचूच्या थंडीत रजई टाकता येते, पण जबलपूरच्या उकाड्यात कातडी काढता येत नाही. माझ्यासाठी बोलेरोची मधली सीट दुमडली की तिरपं झोपण्याइतकी जागा होते. दार उघडलं की जमीन.

तुम्हीही घेणार असाल तर रंग, कंपनी, वॉरंटी हे नंतर बघा. आधी पेंटरकडून एक शिडी मागून आणा, ती स्लॅबला लावा आणि आठवडाभर रात्री अंधारात चढून-उतरून पाहा. ॲडव्हान्स त्यानंतर द्या.