गरिबीचे डोहाळे

पगार बरा झाला की माणसाला गरिबीचे डोहाळे लागतात, असं माझी बहीण म्हणते. तिचा मुलगा मिशिगनमध्ये इंजिनीअर आहे. दारात नवी गाडी, आणि गॅरेजमध्ये जुनी माझदा मियाटा: दोन सीटांची, एके काळी लाल असलेली. चार मित्रांनी वर्गणी काढून ती घेतली. कशाला, तर शर्यतीत पळवायला!

शर्यतीचं नाव ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’. फ्रान्सच्या ले मान्सला चोवीस तासांची जगप्रसिद्ध शर्यत होते, तिची ही टिंगल. २००६ साली जे लॅम या मोटारपत्रकाराने कॅलिफोर्नियात ती सुरू केली. मुख्य अट एकच, गाडी ५०० डॉलरच्या आत बसली पाहिजे. चोवीस तास बहुतेकदा नावापुरतेच. शर्यत दोन दिवस दिवसाउजेडी चालते आणि रात्री सगळे गाडीखाली आडवे असतात.

मियाटा १९८९ मध्ये बाजारात आली. हलकी, साधी, वळणावर गुणी. पण मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्र्याला लागतं. शिवाय हिची स्वतःची एक खोड आहे. कापडी टपावरचं पाणी वाहून जायला मागे दोन बारीक नळ्या असतात. त्यांत पालापाचोळा अडकला, की तुंबलेल्या पन्हळीसारखं पाणी घरात, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरतं आणि लोखंड आतून खातं. वरून रंग शाबूत! भाच्याने व्हिडिओ कॉलवर तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला.

“मामा, हे बघा!” त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, हे मला नोंदवून ठेवलं पाहिजे.

मग ग्राइंडर. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, ठिगळ बेतायचं, वेल्डिंगने थोडं थोडं टाचत जायचं. एकदम लांब टाका घातला तर पातळ पत्रा तापून वाकतो.

पण खरी मौज हिशेबात आहे. रोल केज, रेसिंगची सीट, पट्टे, ब्रेक, टायर असला जिवाच्या रक्षणाचा खर्च पाचशेत धरत नाहीत. म्हणजे पाचशेच्या गाडीत हजारो डॉलरचा पिंजरा. उलट गाडीतलं काही विकलं तर ते पैसे वजा करता येतात. म्हणून पोरांनी टप विकला, सीटा विकल्या, रेडिओसुद्धा विकला. एवढी काटकसर भाच्याने पुण्यात असताना दाखवली असती, तर त्याच्या आईने पेढे वाटले असते.

शर्यतीआधी परीक्षक हिशेब तपासतात. पटला नाही, तर वरच्या दर दहा डॉलरमागे एक फेरी कापतात. परीक्षकांना लाच दिलेली चालते, बिस्किटांपासून बाटलीपर्यंत काहीही. मात्र ती घेतल्यावर ते गाडीवर ‘लाच मिळाली’ असा ठसा रंगवतात. इतका पारदर्शक कारभार मी आमच्या सोसायटीतही पाहिलेला नाही.

सर्वांत मानाचं बक्षीस पहिल्या नंबराला नसतंच. जी गाडी सुरू होणंही अवघड, तिने अपेक्षेपेक्षा जास्त पल्ला गाठला, तर तिला ते मिळतं. मला हे फार न्यायाचं वाटतं. वेगवान गाडीने वेगात जाण्यात कसलं आलंय कौतुक? अडचण एवढीच, की मियाटा मुळात गुणी गाडी. तिच्याकडून लोक अपेक्षा ठेवतात, आणि गंजलेली असली तरी त्या कमी होत नाहीत.

बक्षिसाची रक्कम पाच सेंटच्या नाण्यांत देण्याची तिथली प्रथा आहे. एक नाणं पाच ग्रॅमचं. पाचशे डॉलर जिंकले तर दहा हजार नाणी, पन्नास किलो.

बहिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, “त्याच गाडीत घालून आणू नकोस म्हणावं. तळ खाली राहील आणि हा घरी येईल.”