शांततेचे अरिष्ट

आर्थिक अरिष्टांच्या इतिहासकारांनी युद्ध, दुष्काळ आणि महामारी यांचीच दखल प्रामुख्याने घेतली असली, तरी १८६५ साली मुंबईच्या सावकारीला ज्या आपत्तीने धुळीस मिळविले तिचे नाव शांतता असे होते. १८६१ पासून अमेरिकेत यादवी माजली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून खोळंबल्या, आणि त्या परकीय रक्तपाताच्या पुण्याईने येथील कापसाला असा काही भाव आला की, गाद्या उसवून त्यांतील जुना कापूसही लोकांनी बाजारात नेला, असे सांगतात.

आलेली लक्ष्मी स्वस्थ बसेना. पेढ्या निघाल्या, बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० च्या घरात गेला, आणि ज्या भूमीवर अद्याप भरतीचे पाणी खेळत होते तिच्या भरवशावर प्रतिष्ठित गृहस्थ कर्जबाजारी झाले. शेठ प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँक ऑफ बॉम्बेत प्रमाण मानला जाई. त्यातच सरकारने १८६३ च्या कायद्याने या बँकेच्या जुन्या सनदेतील निर्बंध सैल करण्याची दूरदृष्टी दाखविल्यामुळे, भाग तारण ठेवून कर्ज काढावे आणि त्या कर्जातून पुन्हा भागच घ्यावेत, असा निर्वेध व कायदेशीर व्यवहार सुरू झाला.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला. तिकडे तोफा थंडावल्या, इकडे कापूसबाजाराला सुतक आले. १ जुलै रोजी मुदतीच्या सौद्यांचा वायदा भरला, तेव्हा येणे प्रत्येकाचेच होते, देणारा मात्र कोणीच नव्हता.

बँक ऑफ बॉम्बेही अखेर बुडाली, १८६८ मध्ये तिच्या जागी नवी बँक उभी राहिली, आणि रीतसर नेमलेल्या चौकशी कमिशनने आरोपींची यादी सादर केली : सरकारचाच तो कायदा, अधिकारांचा दुरुपयोग करणारे चिटणीस, बेफिकीर संचालक, चांगल्या कायदेशीर सल्ल्याचा अभाव, आणि असाधारण काळ. यांपैकी काळ तेवढा कैफियत देत नाही, वकील करीत नाही आणि अपिलातही जात नाही. म्हणून पुढील प्रत्येक दिवाळ्याच्या चौकशीत त्यालाच प्रथम पिंजऱ्यात उभे करून बाकीच्यांना सन्मानाने घरी पाठविण्याचा सोयीस्कर प्रघात पडला आहे.